तिला जरा बसू द्या की!

आमच्या घरात कुत्रं पाळायचं ठरलं कसं, याच्या तीन हकिगती आहेत. लेकीच्या मते ते तिनं ठरवलं, ह्यांच्या मते ह्यांनी, आणि माझ्या मते मी ‘नको’ म्हणायला अर्धा मिनिट उशीर केला तेवढ्यात ते ठरून गेलं. कसंही असो, जून २०२४मधल्या एका शनिवारी दुपारी, बाहेर भुरभुर पाऊस चालू असताना, साधारण दोन वर्षांची एक अस्सल गावठी कुत्री आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आली. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. तिच्या एका कानाचा तुकडा टोकाशी उडालेला होता. कुणीतरी चावलं असावं असं मला वाटलं. पुढं कळलं, की नसबंदी करून लस टोचलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी अशी खाच पाडतात.

आता आम्ही तिचं स्वागत कसं केलं ते सांगते. हसू नका, तुम्हीही हेच केलं असतंत.

सकाळीच सगळं घर फिनेलनं पुसून घेतलं. देवापुढं धूप घातला. दारात रांगोळी काढली. लेकीनं चार मैत्रिणींना बोलावलं होतं, नणंदबाई सून-नातवासह आल्या होत्या, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ‘नुसतं बघून जाते’ म्हणून आल्या त्या चहाला थांबल्या. मी उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शेल्टरचा वास जावा म्हणून हे आणि लेक दोघांनी मिळून तिला बाथरूममध्ये नेलं आणि शाम्पू लावून खसाखसा न्हाऊ घातलं. टॉवेलात गुंडाळून बाहेर आणली, तर समोर दहा-बारा माणसं आणि निदान सहा मोबाइल. ‘इकडे बघ, इकडे बघ!’ बिस्किट, दहीभात, पोळीचा तुकडा, सगळं एकदम नाकाशी. टॉवेल सैल पडायचा अवकाश, ती हॉलमधल्या दिवाणाखाली शिरली. पार भिंतीच्या कोपऱ्यात, पाय पोटाशी घेऊन.

‘अगंबाई, किती लाजते!’ काकू म्हणाल्या.

ती लाजत नव्हती हो. भीतीनं थिजली होती. पण त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला हे कळलं नाही. रविवारभर आम्ही आळीपाळीनं दिवाणाखाली वाकून ‘खारी, ये, ये ना गं’ करत राहिलो. ती तिथंच लघवी करत राहिली आणि मी फिनेल ओतत राहिले.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, नणंदबाईंचा नातू पुन्हा आला. वय वर्षं नऊ. ‘मी दोस्ती करतो तिच्याशी’ म्हणून हातात बिस्किट घेऊन तो दिवाणाखाली सरपटत गेला. आम्ही कौतुकानं बघत होतो. खारी जांभई देत होती, ओठ चाटत होती, मान तशीच ठेवून डोळे वळवून बघत होती, त्यामुळं बुबुळांची पांढरी कड दिसत होती. आम्हाला वाटलं, झोप आली असेल, भूक लागली असेल. कुत्र्याची ‘आता पुरे, लांब व्हा’ म्हणण्याची ही भाषा असते. टुरिड रुगास नावाच्या एका नॉर्वेजियन बाईंनी या खाणाखुणांवर एक छोटंसं पुस्तकच लिहिलं आहे. ते मी नंतर वाचलं, उपयोग होऊन गेल्यावर. मग ती गुरगुरली. ह्यांनी तिला मोठ्यानं दटावलं, ‘खारी, नो!’ बिचारीनं सांगायचे होते तेवढे सगळे उपाय करून पाहिले होते. पोरानं हात आणखी पुढं केला, आणि ती चावली.

दोन दातांच्या खुणा, थोडं रक्त. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धुतला, लगेच दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सांगितली ती सगळी इंजेक्शनं वेळच्या वेळी दिली. खारीला रेबीजची लस टोचलेली होती, तरीसुद्धा. या बाबतीत हयगय करायची नसते, एवढं तरी आम्हाला ठाऊक होतं.

त्या रात्री घरात कोर्टच बसलं. नणंदबाईंचा फोन येऊन गेला होता आणि त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पोचली होती, ‘हिंस्र’ हा शब्द दोनदा आला होता. लेक रडत होती, हे गप्प. आणि मी? मी सरळ परत देण्याच्या पक्षात होते. उगाच मोठेपणा कशाला सांगू? मंगळवारी सकाळी मीच शेल्टरला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, उपदेशही केला नाही. ‘आणून सोडा,’ म्हणाल्या, ‘जागा करू. आधी दोनदा परत आलीये ती. एका घरातून आठव्या दिवशी, दुसऱ्यातून दोन आठवड्यांनी.’

‘का? चावली होती?’

‘छे. दोन्ही वेळा एकच तक्रार. घरात मिसळत नाही.’

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच बद्दल.

१९८८च्या मे महिन्यात लग्न होऊन मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात आले. घरात चौदा माणसं. सगळी चांगली, छळ वगैरे काही नाही. पण माझं माहेर गुहागरच्या बाजूचं, घरात आम्ही चौघंच, संध्याकाळी समुद्राच्या गाजेशिवाय आवाज नाही. इथं पहाटे चारला नळ यायचा तेव्हापासून कालवा. पहिल्या आठवड्यात सूनमुख बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. नाव घे. गाणं येतं का? जेवली का नीट? अगं, हसत कशी नाहीस? मी माजघरातल्या कोठीशेजारचा कोपरा धरला होता, कारण तिथं दोन बाजूंनी भिंत होती. पाचव्या दिवशी सासूबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, ‘मुलगी चांगलीये, पण अजून घरात मिसळत नाही हो.’ पाच दिवसांत!

त्या घरात सासऱ्यांची एक विधवा बहीण होती, आत्याबाई. रोज दुपारी त्या तांदळाचं सूप घेऊन माझ्या कोपऱ्याशी येऊन बसायच्या, अर्धे तांदूळ ताटात ओतून माझ्याकडं सरकवायच्या आणि स्वतःचे निवडायला लागायच्या. विचारायच्या काही नाहीत. माझ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. कुणी ‘कुठाय नवी नवरी’ करत आत डोकावलं, की मान वर न करता म्हणायच्या, ‘अगं, तिला जरा बसू द्या की!’ दहाव्या की बाराव्या दिवशी मी आपणहून बोलले ते त्यांच्याशी, आणि बोलले काय तर, आमच्याकडं उकडा तांदूळ असतो. मग तासभर माझं तोंड थांबलं नाही.

सून आणि कुत्री यांची तुलना केली म्हणून कुणी रागावू नये. रागवायचंच तर मी रागवायला हवं, सून मी होते.

मी शेल्टरच्या बाईंना म्हटलं, ‘राहू दे. मला फक्त सांगा, आम्ही काय करायचं.’ त्या म्हणाल्या, ‘काही करू नका.’

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आपल्याकडं प्रेम म्हणजे आग्रह. पाहुण्याला तिसरी पोळी वाढल्याशिवाय आपला जीव शांत होत नाही. आणि दत्तक घेतलेलं जनावर म्हटलं, की त्यात उपकाराची भावना नकळत मिसळते. रस्त्यावरून उचलून आणली, गादी दिली, दूधभात दिला, मग हिनं शेपटी हलवायला काय हरकत आहे? फोटोत तरी नीट दिसावं! माझं म्हणणं असं, की या कृतज्ञतेच्या अपेक्षेपायीच पुष्कळ कुत्री परत जातात.

तिच्या बाजूनं जरा बघा. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या डोक्यात गल्लीचा नकाशा असतो. कुठल्या टपरीवाल्याकडून पाव मिळतो, कोण दगड मारतो, कुठल्या वळणावर स्कूटर जोरात येते, पळायचं तर कुठल्या फटीतून. शेल्टरमध्ये गेल्यावर तो नकाशा फुकट गेला. तिथला जरा कुठं जुळवला, तर आता हे तिसऱ्या मजल्यावरचं बंद घर. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, लिफ्टचं दार. आणि कुत्रं जग ओळखतं ते नाकानं. आम्ही अंघोळ घालून तिचा स्वतःचा ओळखीचा वास धुऊन टाकला आणि वर फिनेल नि धूप. नवं कुत्रं आणताना त्याच्या जुन्या अंथरुणाचा एक मळका तुकडा बरोबर मागून घ्यावा, धुऊ नये. आम्ही तो नंतर जाऊन आणला. कळकट गोणपाट होतं. दिवाणाखाली सरकवल्यावर तासाभरात ती त्यावर मान टाकून झोपली. आल्यापासून प्रथमच तिचे डोळे पूर्ण मिटलेले दिसले.

या कामात असलेली माणसं एक ढोबळ हिशेब सांगतात : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घराची लय कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. पंचांगासारखा धरायचा नाही हा हिशेब. खारीनं यातलं एकही वेळेवर केलं नाही.

आम्ही काय केलं, तर पाहुणे बंद केले. तिचं ताट-पाणी दिवाणापासून दोन हातांवर, रोज त्याच जागी, त्याच वेळी. ठेवायचं आणि निघून जायचं, वाकून बघायचं नाही. आधीचे आठ दिवस तरी पूर्वीच्याच जेवणावर ठेवायचं, नाहीतर पोट बिघडतं. शेल्टरमध्ये ती चिकन-भात खात होती. आता आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडंसुद्धा शिजलेलं नव्हतं. शेवटी गॅलरीत जुनी शेगडी मांडली, वेगळं पातेलं आलं, आणि शिजवायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं, नाकाला रुमाल बांधून. हळूहळू त्यात भाकरी कुस्करून मिसळायला लागलो. ती कुत्र्याला पचते याचं मला नवल वाटायचं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी याचं एक कारण दाखवून दिलं : माणसाच्या सोबतीनं राहून कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त प्रती झाल्या आहेत. थोडक्यात, आपली भाकरी खाऊन खाऊनच ते आपलं झालं. मात्र कांदा, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे त्याला विषासारखे. खालच्या काकू प्रेमानं शिऱ्याची वाटी घेऊन आल्या, तेव्हा ती दारातच घ्यावी लागली, कारण वर बेदाणे होते.

चौथ्या रात्री मी हॉलमध्ये गादी टाकून झोपले. दोनच्या सुमाराला आवाज आला. लपलप, लपलप. पाणी पीत होती. मी श्वास रोखून पडून राहिले. पाणी पिऊन ती परत दिवाणाखाली न जाता उभी राहिली, आणि मग फरशीवर नखांचा टकटक आवाज घरभर फिरायला लागला. चपला हुंगल्या, देवघराचा उंबरा हुंगला, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फडताळाशी बराच वेळ थांबली. शेवटी माझ्या पायांशी आली. गार नाक तळव्याला लागलं. मी झोपेचं सोंग घेतलं. दिवसा आम्ही तिला घर दाखवायला धडपडत होतो, ते घर ती रात्री, आम्ही नसल्यासारखे झाल्यावर, स्वतःच बघून घेत होती. पुढं दहा-बारा रात्री हेच चाललं.

घाणीबद्दल रागवायचं नाही, हे सर्वांत अवघड गेलं. जुन्या वळणाची माणसं सांगतात, नाक घासा तिथं. त्यानं ते एवढंच शिकतं, की माणसांसमोर करायचं नाही, सोफ्यामागं जाऊन करायचं. दर दोन-तीन तासांनी खाली न्यायचं, जमिनीवर केलं की तिथल्या तिथं शाबासकी आणि खाऊ, बस्स. खाली नेताना गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस, दोन्ही हवेत. बुजलेलं कुत्रं पट्ट्यातून मान काढून पळालं, तर परत यायला आपलं घर कुठलं हेच त्याला अजून माहीत नसतं.

दुपारी मी हॉलमध्ये फरशीवर बसायला लागले, तिच्याकडं पाठ करून. तांदूळ निवडत बसावं असं मनात होतं, पण हल्ली पिशवीतले तांदूळ निवडावे लागत नाहीत. म्हणून मेथी आणायची. एका आठवड्यात चौथ्यांदा मेथीची भाजी पानात पडली तेव्हा ह्यांनी विचारलं, की कुत्र्याचं रुळणं आणखी किती जुड्या चालणार आहे. एकोणिसाव्या दिवशी मेथी निवडताना पाठीमागं सरपटल्याचा आवाज आला. मी वळले नाही. जरा वेळानं हाताच्या अंतरावर ती येऊन पडली, माझ्याकडं पाठ करून, एक मोठा सुस्कारा टाकून. दोघी तशाच बसलो, जुडी संपेपर्यंत. मग मी उरलेले देठसुद्धा निवडले.

आपल्या सगळ्यांना नामदेवांची गोष्ट माहीत आहे. कुत्र्यानं पोळी पळवली, आणि कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. त्यांना त्याच्यात विठ्ठल दिसत होता, त्यांची गोष्ट निराळी. पण आपण साधी माणसंही तूप घेऊन मागं धावतो आणि कुत्रं थांबत का नाही म्हणून रुसतो. त्याला तूप कुठं दिसतं? त्याला अंगावर धावून येणारा माणूस दिसतो.

हे सगळं आता लिहावंसं वाटलं याला कारण आहे. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथंच परत सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती वगळून. पुढंही या प्रकरणात आदेश येत राहिले. त्या वादात मला पडायचं नाही. ज्यांच्या पोराला कुत्रं चावलंय त्यांचं दुःख मी घरात पाहिलं आहे. मला त्या २२ ऑगस्टच्या आदेशातली एक लहानशी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्राणिप्रेमींना पालिकेकडं अर्ज करून भटकं कुत्रं दत्तक घेता येईल, आणि घेतल्यावर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. पहिल्या वाक्याचा उत्साह आपल्याकडं भरपूर आहे. दत्तक मेळावे भरतात, चौकटीत उभं राहून फोटो होतात, प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या वाक्यासाठी, आठव्या दिवशी ‘कसं काय चाललंय?’ म्हणून फोन करणारं कोण असतं? आम्हाला मीच फोन केला म्हणून चार शब्द कळले. कुत्रं देताना संस्थांनी हे चार शब्द आधीच सांगावेत, वेळ काढून सांगावेत, आणि जो माणूस घरात बारसं करायचं म्हणतो त्याला कुत्रं जरा उशिराच द्यावं.

काही वेळा परत देणंच योग्य असतं, हेही मान्य करायला हवं. घरात रांगतं मूल असेल, कुत्रं खरोखर आक्रमक असेल, तर हट्ट कामाचा नाही. पण मग आणलं तिथं नेऊन द्यावं. लांब कुठंतरी गाडीतून उतरवून निघून येणारेही आहेत. जनावराला असं उपासमारीच्या तोंडी टाकून देणं हा १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे.

खारी आमच्याकडं राहिली. सोसायटीतला ‘हिंस्र’ हा शब्द मागं पडला, म्हणजे कुणी मागं घेतला नाही, नुसता पडला. तो नातू गणपतीत पुन्हा आला. या वेळी त्याला काय करायचं ते सांगितलं होतं. हॉलच्या मधोमध मांडी घालून, तिच्याकडं पाठ करून तो पुस्तक वाचत बसला, तेच पान बराच वेळ. खारी आली, त्याचा तो हात हुंगला, केस हुंगले आणि निघून गेली. त्याचे कान लाल झाले होते, पण हलला नाही. नणंदबाई मात्र अजून बेल वाजवून आधी ‘बांधलीये का?’ विचारतात, आणि आम्ही बांधतो. त्यांचंही काही चुकत नाही.

खारी शहाणी झाली, पण शूर झाली नाही. कुंचा उचलला की अजून बाजूला होते. विसर्जनाचे ढोल वाजले की दिवाणाखाली, दिवाळीत तर तीन दिवस मुक्कामच तिथं. गोणपाटाची पार चाळण झालीये, टाकवत नाही.

सध्या घरात निराळाच पेच आहे. लेकीला तो जुना दिवाण काढून नवा सोफा घ्यायचाय. गेल्या रविवारी तिघं दुकानात गेलो. हल्लीचे सोफे सगळे जमिनीला टेकलेले, नाहीतर दिवाणासारखे दिसले तरी खाली सामानाचे खण. पाय असलेला एक सापडला तर उंची जेमतेम सहा इंच. ह्यांनी खिशातून टेप काढून फरशीवर बसून मोजलं, मग पालथं पडून खाली वाकून बघितलं. विक्रेता म्हणाला, ‘काका, खाली काय ठेवायचंय? सामान असेल तर खणवाला दाखवतो.’ हे म्हणाले, ‘नको, निदान चौदा इंच लागतील.’ टेप गुंडाळली आणि आम्ही पुढच्या दुकानात गेलो.